आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय?

वायफायचा पासवर्ड बदला म्हटलं की समोरून हे वाक्य येतंच. मामा म्हणतात, मावशी म्हणते, मुसळगावच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा इंजिनियरही म्हणतो (आणि त्याच्याकडे इलेक्ट्रॉनिक्सची डिग्री आहे!). वर पुस्ती असते, "बाहेर ओट्यावर बसून दोन पोरं नेट वापरतात, वापरू देत की. आपलं काय जातं?" आज या वाक्याचाच समाचार घ्यायचा आहे. नातेवाईक मंडळी हा ब्लॉग वाचतात हे मला ठाऊक आहे, तेव्हा कुणाला रागवायचं असेल तर आधीच रागावून घ्या. पोस्ट लांबलचक आहे.

तुमच्याकडे चोरण्यासारखं एक आहे आणि ते म्हणजे तुमचं नाव. तुमच्या राउटरमधून जे काही बाहेर जातं, ते जगाला तुमच्या कनेक्शनचा पत्ता दाखवून जातं. मेल कुणी पाठवला, हे त्या पत्त्यावर लिहिलेलं नसतं. कुठल्या घरातून गेला एवढंच असतं. पोलीस त्या पत्त्यावरून कंपनीकडे जातात, कंपनी तुमचा अर्ज काढून देते. त्या अर्जावर मामांची सही असते, ओट्यावरच्या पोरांची नसते.

हे मी कल्पनेतून सांगत नाही. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत एकामागून एक स्फोट झाले, ५६ माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना ईमेल गेला होता. तो कुठून गेला याचा माग काढत तपास पोचला नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटमध्ये. तिथे एक अमेरिकन गृहस्थ राहत होते. मेल त्यांनी पाठवलेला नव्हता, त्यांचं वायफाय दुसऱ्याच कुणीतरी वापरलं होतं. पण हे सिद्ध होईपर्यंत चौकशी, संगणकांची तपासणी आणि रोज पेपरात नाव, हे सगळं त्यांच्या वाट्याला आलं. पुढच्या महिन्यात असाच मेल माटुंग्याच्या एका कॉलेजच्या वायफायवरून गेला. १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले, तेव्हाचा मेल चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून. दोन महिन्यांत तीन ठिकाणं, आणि तिन्हीकडे कुणाला तरी नक्कीच वाटत असणार की आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय!

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणंही ऐकू, कारण ते अगदीच फालतू नाही. ब्रूस श्नायर नावाचा अमेरिकेतला सुरक्षेचा मोठा जाणकार आहे. त्याने जानेवारी २००८ मध्ये, म्हणजे सानपाड्याच्या सहाच महिने आधी, जाहीर लिहिलं होतं की मी माझं घरचं वायफाय मुद्दाम उघडं ठेवतो. आल्यागेल्याला चहा विचारतो तसंच हे, असा त्याचा युक्तिवाद. आपल्याकडे पाणपोई घालतात त्यातलीच गोष्ट. शिवाय पत्ता म्हणजे माणूस नव्हे, हे तपास करणाऱ्याला कळलंच पाहिजे, असंही या बाजूचे लोक म्हणतात. तत्त्व म्हणून मला हे मान्य आहे. पण श्नायरला स्वतःच्या संगणकाला कुलूप घालता येतं म्हणून तो फाटक उघडं ठेवू शकतो. आपल्या घरात त्याच राउटरवर जुना डीव्हीआर असतो, चार कॅमेरे असतात आणि त्या कॅमेऱ्यांचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच असतो. आणि 'पत्ता म्हणजे माणूस नव्हे' हे तत्त्व पोलीस स्टेशनच्या बाकावर बसून समजावून सांगायला मामांना जमेल का, याचा विचार मामांनीच करावा.

पाणपोई घालायचीच असेल तर त्यालाही रीत आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पीएम-वाणी नावाची योजना मंजूर केली. त्यात किराणा दुकानदारसुद्धा सार्वजनिक वायफाय देऊ शकतो, पण वापरणाऱ्याची ओळख पटवून, नोंद ठेवून. जुन्या पीसीओसारखं. उदारपणाला माझा विरोध नाही. आळसाला उदारपणाचं नाव देण्याला आहे.

बरं, सरकारने २००८ नंतर काहीच केलं नाही असं नाही. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलीस उघडी वायफाय शोधत फिरले, लोकांना समज दिली. फेब्रुवारीत दूरसंचार खात्याने इंटरनेट कंपन्यांना सूचना काढल्या. सगळीकडे एकच घोष: कुलूप लावा, कुलूप लावा. आणि मग? ७ डिसेंबर २०१० ला वाराणसीत घाटावर स्फोट झाला. जबाबदारी घेणारा मेल कुठून आला होता? वाशीतून! तिथल्या एका घरच्या वायफायवरून. सानपाड्याच्या शेजारचं स्टेशन हो. एवढं सगळं होऊन, पेपरांत रकानेच्या रकाने छापून येऊन, अडीच वर्षांनी त्याच नवी मुंबईत तेच.

माझं भांडण इथे आहे. 'कुलूप लावा' म्हणून फर्मान काढणं सोपं. पण कुलूप म्हणजे काय, कुठलं चांगलं, कुठलं नुसतं शोभेचं, हे लोकांना समजेल अशा भाषेत कुणी बसून सांगितलं नाही आणि लोकांनीही विचारलं नाही. आपण सोनं घेताना दोन दुकानांत वजन करून बघतो. दुधात बोट बुडवून बघतो. आणि सगळ्या घराचा कारभार ज्यातून चालतो त्या डबीकडे मात्र "ते नेटवाल्याचं काम" म्हणून पाठ फिरवतो.

तर कुलपांची गोष्ट ऐका. वायफायचं मूळ मानक, ८०२.११ नावाचं, १९९७ चं. त्यासोबत आलं पहिलं कुलूप, डब्ल्यूईपी. नावातच लिहिलं होतं की तारेच्या जोडणीइतकी खासगी राहील. २००१ मध्ये तिघा संशोधकांनी दाखवून दिलं की या कुलपाच्या रचनेतच खोट आहे. दर पाकिटासाठी किल्लीला जोडला जाणारा आकडा इतका लहान होता की तो पुन्हा पुन्हा येणारच, आणि नुसत्या रहदारीवर कान ठेवून किल्ली काढता येते. २००७ पर्यंत जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या मंडळींनी हे काम मिनिटभरात आणून ठेवलं होतं. म्हणजे २००९ मध्ये "कुलूप लावा" ऐकून ज्यांनी यादीतलं पहिलं नाव निवडलं आणि ते डब्ल्यूईपी निघालं, त्यांनी दाराला सुतळी बांधली. समजही पाळली, आणि दारही उघडंच!

मधल्या काळात २००३ मध्ये डब्ल्यूपीए आलं, जुन्या यंत्रांवर चालावं म्हणून केलेली ठिगळं. २००४ मध्ये खरं कुलूप आलं, डब्ल्यूपीए-टू. आजही बहुतेक घरांत तेच आहे आणि ते वाईट नाही. २०१७ मध्ये बेल्जियमच्या माथी वानहूफने त्यातही एक फट दाखवली, ती कंपन्यांनी सॉफ्टवेअर पाठवून बुजवली. (तुमच्या राउटरमध्ये ते सॉफ्टवेअर पोचलं का? बघा, आत्ता गप्प बसलात.) २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-थ्री आलं.

टू आणि थ्री यातला फरक समजून घेण्यासारखा आहे, कारण तिथेच सिन्नरमधल्या निम्म्या पासवर्डांची गोची आहे. डब्ल्यूपीए-टू मध्ये तुमचा फोन राउटरला जोडला जाताना दोघांत चार निरोपांची देवघेव होते. बाहेर उभा असलेला माणूस ती देवघेव हवेतून टिपून घेऊ शकतो. मग त्याला तुमच्या दारात थांबायची गरज नाही. तो घरी जाऊन, पंखा लावून, एकेक पासवर्ड त्या देवघेवीशी जुळवून बघत बसतो. थ्रीमध्ये ही सोय काढून टाकली आहे. प्रत्येक अंदाज राउटरसमोर उभं राहूनच करावा लागतो.

आता हिशोब करू. आपल्याकडे वायफायचा पासवर्ड म्हणजे मोबाइल नंबर. कुठलीही कंपनी घ्या, जोडणी करायला येणारा पोरगा घाईत असतो, त्याला अजून सहा घरं करायची असतात. तो विचारतो "पासवर्ड काय ठेवू?" आणि आपण काही बोलायच्या आतच अर्जावरचा नंबर टाकतो. मोबाइल नंबर दहा आकडी, सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ ने. म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी नंबर शक्य. ऐकायला प्रचंड वाटतं. पण पोरं गेम खेळायला जी महागडी ग्राफिक कार्डं घेतात, त्यातलं एक चांगलं कार्ड डब्ल्यूपीए-टू चे सेकंदाला दहा लाखांहून जास्त पासवर्ड तपासतं. दहा लाख धरले तरी ४,००० सेकंद. तास आणि वर सहा-सात मिनिटं. भारतातला प्रत्येक संभाव्य मोबाइल नंबर! आणि दुकानाच्या पाटीवरच नंबर रंगवलेला असेल तर तेवढाही वेळ नको.

तेच, इंग्रजी लहान लिपीतली आठ अक्षरं कशीही, डोळे मिटून निवडलेली, घेतली तर अडीच दिवस लागतील. बारा घेतली तर तीन हजार वर्षं. चार अक्षरांचा फरक! वर @ आणि ० टाकून नातवाचं नाव सजवण्याने काही होत नाही, ती सजावट करणारे सगळे सारखीच करतात. लांबी वाढवा. घरातल्या एकमेकांशी संबंध नसलेल्या पाच-सहा वस्तूंची नावं सलग लिहिली तरी पाठ राहतात आणि पुरतात.

"पण आमचं वायफाय घरापुरतंच आहे, बाहेर येत नाही" असंही एक ऐकू येतं. येतं हो, बाहेर येतं. वायफायचा जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा, त्याची लहर बारा सेंटीमीटरची, अर्ध्या वितीएवढी. साध्या विटेच्या भिंतीतून ती आरामात जाते. ५ गिगाहर्ट्झची लहर तीनेक बोटं लांब, वेगाने जास्त माल नेते पण भिंतीला लवकर दमते. सिन्नरच्या जुन्या वाड्यांच्या दोन-दोन हात जाडीच्या मातीच्या भिंतींपुढे तर ती हातच टेकते. मागच्या खोलीत पत्रे असतील तर ती पत्र्यावरून परत फिरते. मग घरात तक्रार होते, "रेंज येत नाही", आणि माणूस जाऊन सहा शिंगांचा राउटर घेऊन येतो, खिडकीत ठेवतो. आता माजघरात रेंज तेवढीच, पण समोरच्या चहाच्या टपरीवर मात्र फुल्ल!

या शिंगांच्या स्पर्धेने दुसरंही नुकसान होतं. २.४ चा पट्टा सगळा मिळून ८३.५ मेगाहर्ट्झचा. त्यात १३ चॅनेल आखलेत, पण ते कौलांसारखे एकमेकांवर चढलेले आहेत, न टेकणारे फक्त तीन: १, ६ आणि ११. वायफायचा स्वभाव तसा सभ्य आहे, आधी ऐकतो, कुणी बोलत नसेल तरच बोलतो. एका गल्लीत पंधरा राउटर, तीन पाट. जेवढा तुमचा आवाज लांब जाणार, तेवढ्या जास्त घरांना तुम्ही गप्प बसवणार आणि तेवढ्याच जास्त घरांसाठी तुम्हीही थांबणार. ५ चा पट्टा भारतात २०१८ मध्ये चांगला ऐसपैस मोकळा झाला, ६०५ मेगाहर्ट्झ. शक्य तिथे तो वापरा. भिंतीबाहेर कमी जातो हा त्याचा दोष लोक सांगतात, मला तो गुण वाटतो. (आणि फोनवर नावापुढे '५जी' दिसतं ते हेच ५ गिगाहर्ट्झ. मोबाइलचं फाइव्हजी वेगळं, ते भारतात ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं. "आमच्या राउटरला फाइव्हजी आलंय" म्हणून पेढे वाटू नका. आत्या, हे तुझ्यासाठी.)

या पट्ट्यांना परवाना लागत नाही म्हणजे ते बेवारस आहेत असं नव्हे. २००५ मध्ये २.४ चा पट्टा मोकळा करतानाच अट होती: दुसऱ्याला त्रास द्यायचा नाही, आणि तुम्हाला त्रास झाला तर तक्रार चालणार नाही. गावच्या पाणवठ्यासारखं आहे हे. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात निकाल दिला की रेडिओलहरी वाहून नेणारं हे अवकाश सार्वजनिक मालमत्ता आहे. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत, आपलेच. टूजीच्या घोटाळ्यावर आपण चहाच्या टपरीवर तासन् तास बोललो. पण त्याच मालमत्तेचा जो तुकडा सरकारने आपल्या घरात फुकट आणून दिला, त्याबद्दल कुणाला काही माहिती करून घ्यावीशी वाटत नाही.

आणि लहरींचं प्रकरण सिन्नरकरांना परकं आहे असं तर मुळीच म्हणू नका. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा मूळ मार्ग सिन्नर, संगमनेर, नारायणगाव असा होता. आपल्या तालुक्यात जमिनींची खरेदी सुरू झाली होती. तो मार्ग बदलावा लागला, का? नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, आकाशातून येणारी अतिशय क्षीण रेडिओ कुजबुज ऐकणाऱ्या. जवळून गाड्या धावल्या तर त्यांच्या विद्युत गोंगाटात ती कुजबुज बुडेल अशी हरकत आली, आणि रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनीही हेच कारण सांगितलं. गावात तेव्हा "दुर्बिणीपायी रेल्वे घालवली" म्हणून सगळे चिडले होते. चिडायचा हक्क आहेच, मार्ग थोडा सरकवून दोन्ही जमलं नसतं का हा प्रश्नही रास्त आहे. पण कुणी विचारलं नाही की कुठला गोंगाट, किती अंतरापर्यंत, त्याला आड कसं करता येतं. हे विचारायला लहरींची थोडी भाषा यावी लागते. ती येत नसेल तर आपल्या तालुक्याची रेल्वे कुठून जाणार हेही दुसरेच ठरवतात आणि आपण सभेत नुसत्या घोषणा देतो.

उगाच भीती घालणाऱ्यांबद्दलही दोन शब्द. "शेजाऱ्याने वायफाय वापरलं की बँकेतले पैसे गेले" असले मेसेज फिरतात. बँकेचं ॲप आपलं बोलणं स्वतःच्या वेगळ्या कुलपात बंद करून पाठवतं, वायफाय उघडं असलं तरी ते सहजी वाचता येत नाही. पैसे जातात ते बहुतेकदा आपणच फोनवर ओटीपी सांगतो म्हणून. नाव लपवलेलं वायफाय सुरक्षित, हेही थोतांड. ते नाव तुमचाच फोन जोडला जाताना हवेत ओरडून सांगतो. उलट ज्याची भीती वाटायला हवी ते डब्ल्यूपीएसचं बटण कुणाच्या खिजगणतीत नसतं. त्याचा आठ आकडी पिन राउटर दोन तुकड्यांत तपासतो, आणि शेवटचा आकडा नुसता पडताळ्याचा. त्यामुळे कोटीभर शक्यता उरतात फक्त ११,०००. हे २०११ मध्ये जगजाहीर झालं. तरी अनेक राउटरांत ते चालूच असतं. बंद करा.

दिवाळीला मी सगळ्यांकडे येणारच आहे. फराळाच्या आधी प्रत्येकाच्या राउटरचं पान उघडून बघणार: कुलूप डब्ल्यूपीए-टू किंवा थ्री आहे का, पासवर्ड बारा अक्षरांच्या वर आहे का, डब्ल्यूपीएस बंद आहे का, पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क (तेही पासवर्डसकट) केलंय का. ज्यांचा राउटर अजून डब्ल्यूईपीवर आहे, त्यांनी तो आत्ताच भंगारात घाला.

ता. क. : वायफायचा पासवर्ड आणि राउटरच्या आत शिरायचा पासवर्ड, हे दोन वेगळे. दुसरा डबीच्या पोटाखालच्या स्टिकरवर छापलेला असतो आणि बऱ्याच ठिकाणी तो 'ॲडमिन' एवढाच असतो. तोही बदला. मामा, तुमचा कुठे चिकटवलाय ते मला माहीत आहे, कॅलेंडरच्या मागे. तो कागद तिथेच राहू द्या, कॅलेंडर बघायला चोर घरात यावा लागतो. फक्त त्यावर लिहिलेला मोबाइल नंबर खोडा.